बंद वेळ

अकरा वर्षं, चार महिने आणि वर काही दिवस
हे मशीन एकदाही थांबलं नाही,
हे मी रुवीच्या कॅफेटेरियात सांगायचो
पोराचे मार्क सांगावेत तसं.
बिजू कुरियन म्हणायचा, आधी तुझ्या सुट्ट्या मोज.

आत सदैव अठरा अंश.
बाहेर ऑगस्ट, मध्यरात्रीही भट्टी.
स्वेटर घालून कामाला निघणारा
मस्कतमधला मी बहुधा एकटाच;
बसमधले लोक जरा सरकून बसत,
याला ताप असणार.

त्याच्यात सगळंच दोन दोन.
दोन वीजवाटा, पंख्यांच्या दोन रांगा,
प्रत्येक डिस्कला तिची जुळी बहीण,
एक लिहील ते दुसरी लिहिते, त्याच क्षणी, मुकाट.
एक प्रोसेसर दुसऱ्याला सारखा विचारतो: आहेस?
आहे.
आहेस?
आहे.
आणि उत्तर आलं नाही तर रडारड नाही, चौकशी नाही;
दुसरा त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य उचलतो
आणि पुढे बोलू लागतो.
सोहारला एटीएमपुढे उभ्या गवंड्याला कळतही नाही
की त्याचे वीस रियाल वाटेतच
एका हातातून दुसऱ्या हातात गेले.

माझं काम एवढंच: मेलेलं ओळखणं.
पिवळा दिवा लागला की मनगटाला पट्टा बांधायचा,
त्याची तार चौकटीला अडकवायची,
माझ्या अंगातली वीज त्याला बाधू नये म्हणून;
खटका दाबून डिस्क ओढायची, चालत्या मशीनमधून,
हलता दात जिभेने काढावा तशी.
नवी सरकवायची.
मग चार तास उरलेली बहीण नवीला
सगळं सांगत बसते, पहिल्यापासून.

शमाल सुटला की फिल्टर.
कितीही दारं लावा, मैद्यासारखी धूळ येतेच.

माझं पित्ताशय काढलं त्या पंधरवड्यात
माझ्या खुर्चीत रोडेल बसला.
परत येऊन मी लॉगबुक चाळलं.
काहीच फरक नाही.
आकडेसुद्धा त्याने माझ्यासारखेच काढले होते,
सातला मध्ये रेघ देऊन.

मग आमची बँक दुसऱ्या एका बँकेत विरघळली
आणि खलफान अल-हिनाई सही केलेला कागद घेऊन आले.
सोबत हलव्याचा डबा.
बंद करा, म्हणाले. आज रात्री.
कसं करतात?
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मॅन्युअलमध्ये ते प्रकरण होतं, शेवटचं.
त्याची पानं एकमेकांना चिकटली होती,
खलफाननी ती चमच्याच्या दांड्याने सोडवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी एक बाजू बंद केली.
मशीन थांबलं नाही.
दुसऱ्या बाजूने भार उचलला, नेहमीच्या सफाईने,
आणि पडद्यावर मलाच कळवलं:
बिघाड आढळला. सेवा चालू आहे. कृपया भाग बदला.
खलफान हसले. मीही हसलो.
नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

दुसरी बाजू दोनदा विचारते, खात्री आहे का.
दोन्ही वेळा हो लिहावं लागतं,
पूर्ण शब्द; नुसतं अक्षर चालत नाही.

पंखे एकदम थांबत नाहीत.
आधी सूर उतरतो, मग पाती मोजता येतात,
मग एक पातं थोडं मागे येतं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला त्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं.
ते पाच मिनिटं पुढे होतं.

लॉगबुकात 'बंद वेळ' नावाचा रकाना आहे,
पानोपानी मी त्यात शून्य भरलेलं.
'पासून'खाली लिहिलं: दोन एकेचाळीस.
'पर्यंत'वर पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाहेर पडलो, तसा चष्मा वाफेने भरला.
रोजच भरतो. पुसायचा राहिला.
खलफान आवाजाच्या अंदाजाने
डबा माझ्या हातात देत होते.