तिसऱ्याच्या नावानं

बेळगावच्या आरटीओपाशी, झेरॉक्सच्या पत्र्याखाली माझं टेबल.
लॅपटॉप, कात्री, लॅमिनेशनचं तापलेलं मशीन,
आणि वर कन्नडमधला एक बोर्ड,
अक्षरं लावत लावत मी त्यात माझं आडनाव शोधते.

बाचीचा भरमू हुंदरे येतो मार्चच्या शेवटाला.
सकाळी टेम्पोत रताळी,
दुपारी शिनोळीच्या फाउंड्रीतलं भंगार.
"काय करुलास ताई? काढ स्वस्तातलं."

स्वस्तातलं म्हणजे थर्ड पार्टी.
कायद्याला तेवढं लागतंच.
काचेचं, चोरीचं, पुराचं
ज्याच्या त्याच्या हौसेवर.

पहिल्या वर्षी त्यानं विचारलं होतं,
पहिला कोण?
तू.
दुसरा?
कंपनी.
मग तिसरा?
रस्त्यावरचा कोणीही. तू धडकशील तो.

तो खुर्चीत मागं सरला.
"म्हणजे मी भरायचं, नि मिळणार त्याला,
ज्याचं तोंड मी बघितलं नाही?
माझं बोट मोडलं तर?"
"बोटाचा हप्ता वेगळा."
"बरा कायदा हाय की ओ."

बाचीच्या नाक्यावर हवालदार म्हणतो, तोरसू.
शिनोळीत म्हणतो, दाखव.
मधे एक चहाची टपरी.
कागद तोच, घडीवर फाटत आलेला,
त्यावर बारीक टायपात छापलेलं: क्षेत्र, भारत.
एवढ्या एका बाबतीत
दोन्हीकडच्यांची हरकत नाही.

मग एका ऑक्टोबरात, उचगावच्या वळणावर,
धुकं होतं म्हणे, ब्रेक लागले म्हणे, उशिरा.
पॉलिसीला तेव्हा सहा महिने झालेले.
फोनवर आधी नुसता श्वास,
मग: "ताई, तिसरा सापडला."

ईरप्पा कामकर, सुळेभावीचा विणकर,
टीव्हीएसवर साड्यांचं गाठोडं घेऊन निघालेला.
साड्या वाचल्या. डावा पाय मांडीत मोडला.

तारखा पडत राहिल्या.
आत कंपनीचा वकील इंग्रजीत,
बाहेरच्या बाकड्यावर हे दोघे,
एकाचं कन्नड मोडकं, एकाचं मराठी,
मधे सळी घातलेला पाय, लांब पसरलेला.
भरमू मला सांगायचा काय बोलले ते.
"मी म्हटलं, आपल्याकडं खटला म्हटला की सीमेचा.
पहिली पार्टी तिकडं, दुसरी इकडं.
मग आपण कोण?
तो म्हणाला, मूरने पार्टी.
नि तीन बोटं दाखवून हसायला लागला, पाय धरून."

पैसे मिळाले ईरप्पाला. मागितले त्याहून कमी,
माग पुन्हा लागण्यापुरते.

सगळ्यांचं असं होत नाही.
कडोलीच्या एकानं मला एवढंच विचारलं होतं,
नसला तर दंड किती?
मी आकडा सांगितला. त्यानं मनात हिशोब केला
आणि नऊ दिवस तसाच फिरला.
दहाव्या दिवशी ज्याला लागली, तो उठला नाही.
तळ्याखालचं शेत गेलं, मग बैल.
मी बाजारात दिसले की तो समोरची बाजू धरतो.
दंडाचा आकडा मी आता लगेच सांगत नाही.

यंदाही भरमू आला.
मी पूर्ण विम्याचं सांगून बघितलं.
"नको. आपलं तेच. त्याचं काढ."
प्रिंट गरम होती. त्यानं दोन्ही बाजू बघितल्या.
"यात नाव नाही होय त्याचं?"
"नसतं. कोण असेल ते आधी कळत नाही."
"मग ईरप्पाचं घाल की."
"एकदा झाला की तो, भरमू. आता दुसरा कोणीतरी."

तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसला.
शाळा सुटलेली. उसाचा रसवाला. एक म्हातारा,
छत्री काखेत, कुठल्या बाजूला जायचं ते न ठरवलेला.

मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो उठला,
टेम्पो मागं घेतला, आणि मधेच थांबला.
झेरॉक्सवाल्याची कोंबडी चाकापाशी दाणे टिपत होती.
हॉर्न वाजवला नाही.
तिचं होईपर्यंत
इंजिन बंद करून बसला.