पाव आटा

हडपसरला लाद्या मोजून घेतो तेव्हा चौदा,
सासवडला उतरवतो तेव्हाही चौदाच.
पण बेलसरे गोळेवाला आकडा नाही, काटा बघतो.
"घाटात सांडलं का काय?" म्हणतो,
आणि सांडलेलंच असतं:
व्हॅनमागे थेंबांची ओळ
पहिल्या गिअरात, वळणावळणानं.

म्हणून दस्तगीरकडे.
रामटेकडीच्या पायथ्याला, पत्र्याखाली.
आधी चहा पाजला, मग बॉनेट उघडायला लावलं.
"पंपाचं शिसं कुणी तोडलं?"
मी नाही. आधीच्या मालकानं.
"म्हणजे त्यालाही घाटच होता."

पंपाच्या मागं एक स्क्रू, त्यावर नट.
तेराच्या पान्यानं नट सैल केला,
पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.
"कुठून निघालो ते कळायला पाहिजे.
लोक नेमकं हेच विसरतात."
मग पाव आटा, आत.
इंजिनाचा आवाज जाडला,
मिसरूड फुटलेल्या पोरासारखा.
अर्धा दे की, मी म्हणालो.
त्यानं पाना पुसून खिशात ठेवला.
"ताकद मी घालत नाही बाबा, भूक वाढवतो.
हवा तेवढीच आहे."

दुसऱ्या दिवशी दिवे घाट दुसऱ्या गिअरात!
उसाचा ट्रक मागं टाकला. शीळ घातली.
आरशात बघितलं तर मस्तानी तलाव दिसेना.
धूर.
धुरात स्कूटरवर एक बाई, पदर नाकाला,
मागं तिला बिलगलेलं पोर,
शर्ट शाळेचा, पांढरा.
मी आरसा वर केला.

सासवडला वजन पक्कं भरलं.
बेलसरेनं पोतं बाजूला सारलं,
लादीवरून बोट फिरवलं, माझ्यापुढं धरलं.
काजळ.
(मागचं दार नीट लागत नाही, कधीपासूनच.)
"गोळा पोरं खातात," एवढंच म्हणाला.

दस्तगीर हसला नाही.
नट. पाना. आटा मागं,
ठिपक्यापर्यंत नाही, केसभर अलीकडं थांबला.
"एवढी हाव चालते."
पैसे दाराच्या रबराचे घेतले फक्त.

आता दोन वळणं दुसऱ्यात जातात,
तिसऱ्याला पहिला टाकावाच लागतो.
भुसा दुप्पट घालतो, पहाटे चारला निघतो.
त्या वेळी तलाव असतो आरशात, नुसता काळा,
आणि ओळ अजून पडतेच मागं, बारीक.
बेलसरे काटा बघतो.
बघू दे.