कळ काढ

नर्स पिरेटने टेबलावरून कागद पुढे सरकवला.
तीन दिवसांची नोंद: किती प्यायलात, किती वेळा गेलात,
किती मिलिलिटर,
आणि पोचायच्या आत किती.
मग, हवापाण्याचं विचारावं तसं,
"लहानपणी अंथरूण ओलं व्हायचं का?"

उर्वे म्हणाली, नाही.
एकोणपन्नास वर्षांची बाई, टालिनची ट्राम चालवणारी,
बावीस वर्षांत एक अपघात नाही.
नाही म्हणताना कानाच्या पाळ्या तापल्या.

जिन्यात थबकली.
खाली कुठेतरी नळ वाहत होता,
आणि वाहतं पाणी ऐकलं की तिचं असं होतं.

*

सोमवारी सकाळी बालवाडीत सोडायचे, शुक्रवारी न्यायचे.
अठरा लोखंडी खाटा.
दुपारच्या झोपेत उठायचं नाही.
सेल्माबाई दाराशी विणत बसत.
बोट वर केलं तर सुया न थांबवता म्हणत,
जरा कळ काढ.

उर्वेने कळ काढली.
मांडीत मांडी गुंतवून, टाच खाली रोवून,
छतावरच्या भेगा मोजत.
सदतीसपर्यंतच आकडे येत होते,
म्हणून पुन्हा एकपासून.

चादर कठड्यावर वाळायची, अंगणाच्या बाजूला.
एक मुलगा डागावर बोट ठेवून म्हणाला होता,
हा काळा समुद्र, इथे माझे काका गेले होते.
तो चिडवत नव्हता. त्याला खरंच दिसला होता.

घरी पाच वाजल्यानंतर पाणी बंद.
तहान लागली तर सफरचंदाची एक फोड.
मोठी झाली की जाईल, सगळे म्हणाले,
आणि गेलंही, आठव्या वर्षी, एका रात्रीत,
भाडेकरूने न सांगता खोली सोडावी तसं.
कुठे गेलं, कुणी विचारलं नाही.

*

पाणी जात नाही. मुरतं.

पहिल्या बाळंतपणानंतर ते शिंकेत सापडलं,
मग हसण्यात,
मग कुलपात किल्ली घालतानाच्या त्या तीन सेकंदांत.
आता सकाळी चहा नाही. पँट नेहमी काळी.
कुठल्या थांब्याजवळच्या कॅफेत न विचारता आत जाता येतं,
तिला रुळांइतकं पाठ.
कोपलीला शेवटच्या थांब्यावर
खिळ्याला एक चावी, एक संडास,
आणि वेळापत्रकात चार मिनिटं,
ट्राम उशिरा आली तर तीही नाहीत.
तिथून समुद्र जवळ आहे म्हणतात.

*

रविवारी आईकडे.
हेल्गी कुणाच्याही सोफ्यावर बसत नाही.
आजवर हा तिचा ताठा वाटायचा.
लाकडी खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र,
दोन दिवसांपूर्वीचं.

"तुला पण?"
आई म्हणाली, "सूप निवतंय."

मग बऱ्याच वेळाने, चमचा बशीत ठेवून,
"मला ओली चादर डोक्यावर देऊन दारात उभं करायचे.
मी तुला कधी उभं केलं नाही."
आणि खिडकीकडे बघत,
"तेवढं तरी केलं नाही."

उर्वेने ताटं विसळली.
नळ बारीक सोडला, आवाज नको म्हणून.
तिच्यासाठी की आईसाठी, ठरवता आलं नाही.

*

नोंदीच्या पहिल्या ओळीवर तिने पेन्सिलने लिहिलं,
दुपारची झोप, वय पाच, मिलिलिटर माहीत नाही.
पिरेट वाचेल. वाचू दे.

मंगळवारी, बाजाराच्या थांब्यावर, भर गर्दीत,
ती आली. मुंग्यांसारखी, मग मुठीसारखी.
पुढे सात थांबे.
टाच आपोआप रोवली गेली,
भेगा नव्हत्या, तरी डोक्यात आकडे सुरू झाले,
एक, दोन, तीन,

आणि उर्वेने कळ काढली नाही.
कळ दाबली. दारं उघडली.
माइकवर म्हणाली, "दोन मिनिटं थांबावं लागेल."
कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही.
मागून कुणीतरी घड्याळाकडे बघत उसासा टाकला.
एक म्हातारी बाई, मांडीवर कोबी घेऊन बसलेली,
म्हणाली, "जा गं, जा."

११ वाजून ४२. एकशे ऐंशी मिलिलिटर.
न पोचता: शून्य.
शेरा: लागली होती.