मूकपटाची वखार

निपाणीत तिला अजून वखारच म्हणतात.
छपराच्या काचा पुसताना
तवनाप्पा सतरा वेळा शिंकला:
तंबाखू गेली, वास राहिला.

भिंतीचा चुना खरवडला
तर खाली समुद्र निघाला,
रंगवलेला, करडा.
कॅमेऱ्याला तेव्हा निळं कळत नसे म्हणे.

गंगव्वा बघतच राहिली.
"बत्तीस वर्षं पाला निवडला की गा इथं,
ह्याला पाठ लावून."

पाटी कुठल्या भाषेत,
यावरून बैठक तीनदा मोडली.
चौथ्यांदा कुणी बोललंच नाही.
नुसते हातवारे: शिडी इकडं, दोरी सोड, सावकाश...
आणि वडगावच्या मागावरचं पांढरं कापड
काचेखाली ताणलं गेलं.

गाळीव ऊन खाली उतरलं,
गंगव्वाच्या तोंडावर थांबलं.

पाटीसाठी दोन खिळे तेवढे मारून ठेवलेत.