टेबलाचा पाय

सदतीस वर्षं मी या कोर्टाचा कारकून.
मलावीचं उत्तर टोक, सरोवर हाकेच्या अंतरावर,
एक खोली, एक पंखा,
मॅजिस्ट्रेट आठवड्यातून दोनदा
तेही गाडीत डिझेल असेल तर.

तुम्पे न्यिरेंडा सायकलवरून यायची.
वकील नव्हे ती. वकील दोनशे किलोमीटर लांब राहतात
आणि त्यांची फी त्याहून लांब.
हिच्याजवळ एक शाळेची वही, दोन रंगांची पेनं,
आणि कायद्याचं शिक्षण म्हणाल तर एका उन्हाळ्यापुरतं.
तुरुंगाच्या आवारात आंब्याखाली बसून विचारायची:
कधीपासून? कशासाठी? कोण म्हणालं?

अम्बिलिके म्वेनिफुंबो म्हणाला, चार पावसाळे.
दोन वल्ही.
कोण म्हणालं ते त्यालाही नीट आठवेना.

पोलीस दक्षिणेकडचा, चिचेवा बोलणारा.
हा आपल्या किन्गोंडेत हुंकार देत राहिला,
म्हणजे ऐकतोय, पुढे बोला.
कागदावर इंग्रजीत उतरलं: कबूल.
त्याखाली अंगठा.
मग कच्चा कैदी म्हणून आत.
चार वर्षं कच्चाच.
केस पिकले त्याचे,
केस मात्र उभीच राहिली नाही.

तुम्पे माझ्या खिडकीशी आली. फाईल?
मी म्हणालो, वर पाठवलीय.
वर म्हणजे कुठे?
मी छताकडे पाहिलं. तिथे एक पाल होती.

पुढच्या मंगळवारी परत.
त्याच्या पुढच्या मंगळवारीही.
माझा रागच यायला लागला तिचा,
सायकलची ती घंटीसुद्धा.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती म्हणाली, काका, ज्याला उचलून आणलं
त्याने पायरी पाहिलीच कुठे?

त्या दिवशी तिचं लाल पेन पडलं.
घरंगळत साहेबांच्या टेबलाखाली गेलं.
ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

टेबलाचा एक पाय वाळवीने आखूड केलेला.
त्याखाली चौपदरी घडी, मळकी, दबून फरशीसारखी.
तिने ओढली. टेबल कलंडलं. दौत सांडली.

मला तेव्हा आठवलं.
साहेबांचा चहा हिंदकळला होता एकदा,
ते म्हणाले होते, अरे, काहीतरी घाल याच्याखाली.
मी हाताला लागलं ते घातलं.
पुढे त्या टेबलावर किती निकाल लागले,
एकदाही डगमगलं नाही.

तुम्पे काही बोलली नाही.
फाईलवरची माती पदराने पुसावी तशी
आपल्या चितेंजेच्या टोकाने पुसत होती,
नाव दिसेपर्यंत.

गुरुवारी सुनावणी. अकरा मिनिटं.
वल्ह्यांचा मालक दोन वर्षांपूर्वीच वारलेला,
साक्षीदार कोणी नव्हताच कधी.
साहेब म्हणाले, जा.
तो उभाच. त्याला इंग्रजी कळत नव्हतं.
तुम्पेने त्याच्या बोलीत सांगितलं, तरी उभाच.

मी घरी गेलो. न्सिमा गिळवेना.
बायकोने विचारलं, मासळी खारट झालीय का?
हो म्हणालो. तीही लिहिणार नव्हती काही.

महिन्याने तो आला. एकटा, चालत.
गावात कोणी विश्वास ठेवत नाही म्हणाला,
पळून आलाय म्हणतात, भावजय दार उघडत नाही.
सुटलो असं लिहून द्या.

झेरॉक्सला शाई नव्हती. मी हातानेच लिहायला घेतलं.
टेबल आता डगमगतं. मी त्याखाली काही घालत नाही,
घालायला हात जात नाही.
अक्षरं तिरपी पडू लागली. त्याचं नावच वाकडं आलं.

मी कागद फाडून दुसरा घेतला.
तेव्हा तो पुढे झाला,
आणि टेबलाच्या त्या कोपऱ्यावर
आपला तळवा दाबून धरला,
माझं लिहून होईपर्यंत.