रेफर

सायत्राबाई हलामी, वय बावन्न,
अंदाजे. आधारवर पंचेचाळीस आहे.
पहाटे मोह वेचायला गेली तेव्हा
आंग जड झालं, म्हणाली.
टोपली अर्धी होती, ती भरूनच परतली.
मग ओवा चावला. मग इनो. मग दुपार.
डाव्या हाताचं कुणाला बोलली नाही,
हात तर रोजच दुखतो.

आमच्याकडे आली तेव्हा साडेतीन.
बोटांना मोहाचा वास, गोड, उबट.
घामानं छातीवरच्या वाट्या सुटत होत्या,
मी तीनदा पुसलं.
मशीननं पट्टी काढली.
जिथं रेघेनं खाली उतरायला हवं
तिथं ती उतरतच नव्हती.

नवा डॉक्टर, बॉण्डवरचा, फोन घेऊन
टाकीच्या जिन्यावर चढला, रेंजसाठी.
नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना फोटो.
एक टिक. एक टिक.
दोन.
उत्तर आलं, इंजेक्शन द्या, आत्ता.
फ्रीज मी उघडला, माहीत असूनही.
सापाच्या औषधाच्या दहा कुप्या.
सापाला आम्ही इथे ओळखतो.
गाठ विरघळवायचं औषध जानेवारीपासून मागतोय,
तीन पत्रं, जावक क्रमांकासकट.

माझी नणंद नागपूरला असते.
तिच्या सासऱ्यांना हेच झालं, रेघही हीच असणार.
एक मालिका चालू असताना दुखलं,
तिसरी संपायच्या आत स्प्रिंग बसली होती.
आता ते सकाळी बागेत चालतात,
मला व्हॉट्सअ‍ॅपवर सुविचार पाठवतात.
त्यांच्यावर राग नाही.
राग कुणावर धरायचा
याचा फॉर्म आमच्याकडे आलेला नाही.

गोळ्या चघळायला दिल्या.
रेफर लिहिलं.
हा शब्द इथे सगळ्यांना कळतो,
गोंडीतही तो रेफरच आहे.
लेकानं विचारलं, "कितीक दूर हाय?"
निकुरे ड्रायव्हर म्हणाला, "बसा."
आणि ती, स्ट्रेचरवरून, मास्क बाजूला करून,
"मोह वाळू घातला हाय अंगणात.
ढोरं खातीन."

रजिस्टरात कुठं पाठवलं याचा रकाना आहे.
पोचली का, याचा नाही.
ते गाडी सांगते.
नागपूरला गेलेली गाडी पहाटे येते.
ही रात्री दहाला आली.

निकुरेनं नळावर हात धुतले, बराच वेळ.
मग डिझेलची वही पुढं केली, सहीसाठी.
मी त्याला विचारलं नाही. आकडा वाचला.
एकशे बहात्तर.
निम्मे शहाऐंशी.
म्हणजे वडसा मागे पडलं होतं.
वैनगंगेचा पूलसुद्धा.
पूल ओलांडला होता बाईनं.

सही केली.
फ्रीजचं तापमान लिहायचं राहिलं होतं.
चार अंश.
बरोबर आहे.