हातउसना तास

कीलच्या धक्क्यावरून जहाज सुटलं
आणि रात्रीत कधीतरी माझा एक तास काढून घेतला.
पावती नाही.
नुसती तीन भाषांत घोषणा: घड्याळं पुढे करा.

गिंटाउटस, बावीस वर्षं ट्रकवर,
मोज्यांतले पाय हीटरला टेकवून
लसूण चोळलेल्या काळ्या पावाचे तुकडे पुढे करतो.
घड्याळ नाही त्याच्याकडे.
म्हणतो, आता बायको कोंबड्या कोंडून कडी घालत असेल.
तेवढ्यावर भागतं.

क्लायपेडा. धुकं, आणि धुक्यातून क्रेनच्या माना.
इथून पुढे रूळ चार बोटं जास्त रुंद;
गाडीला ते ठाऊक, झोपलेल्यांना नाही.

रीगाच्या बाजारात एक बाई
खारवलेली काकडी चाखायला देते
आणि मी पैसे काढेपर्यंत
हात तसाच पुढे धरून ठेवते.

तालिन, सोमवार, पहाटेची फेरी.
उर्मास हत्यारांच्या पेटीवर बसून डुलक्या घेतो.
पलीकडे हेलसिंकीत लोकांची न्हाणीघरं बांधतो तो, शुक्रवारपर्यंत.
स्वतःच्या घरचं?
चार वर्षं झाली, फरश्या खोक्यात आहेत.
हसतो. मग हसणं थांबवून खरंच मोजतो.
पाच.

तुर्कूची गाडी थेट पाण्यापाशी जाऊन थांबते,
पुढे जायचा विचार बदलल्यासारखी.

तिथून रात्रीचं जहाज, स्टॉकहोमचं.
खालच्या मजल्यांवर नाच, जुगाराची यंत्रं, बाटल्यांच्या ट्रॉल्या.
वर कॅफेटेरियात आउने लेह्तोला,
वय अठ्ठ्याहत्तर, थर्मास घरचा.
बहिणीकडे निघालीय.
दोघी एकोणसत्तर साली गेल्या होत्या कारखान्यात,
ही परतली, केर्तू तिथलीच झाली.
जाताना एक तास मिळतो, म्हणाली,
येताना परत करायचा.
कुठला शब्द वापरला तिनं कोण जाणे,
मला हातउसना असाच ऐकू आला.

केर्तू आता वृद्धाश्रमात.
आधी तिची स्वीडिश गेली.
पन्नास वर्षांची भाषा, कपाटातून कपडे काढावेत तशी.
उरली ती आईच्या स्वयंपाकघरातली,
आणि ती तिथल्या नर्सना येत नाही.
ती पाणी मागते, त्या खिडकी उघडतात.

पहाटे तीनच्या सुमारास जहाज एका बेटाला लागलं.
उतरलं कुणी नाही, चढलं कुणी नाही.
ही थांबण्याची रीत
दारूवरचा कर वाचावा म्हणून, हे आउनेनंच सांगितलं,
वहीतून मान वर न काढता.
काटे मागे सरकले.
तो अख्खा तास ती
शाळकरी वहीत मोठ्या अक्षरांत लिहीत होती,
नर्सना वाचता यावं अशा स्पेलिंगात:
वेत्ता, पाणी.
सात्तू, दुखतंय.
एइ, नको.
प्रत्येक शब्द आधी पुटपुटून बघत,
वही माझ्याकडे वळवून, म्हण बघू.
मी म्हणायचो.
नाही, लांब. आणखी लांब. वेत्-ता.
नर्ससारखाच चुकत होतो मी,
म्हणून कामाचा होतो.

बाहेर उजाडत होतं,
खडकांची बेटं एकेक करून, काहींवर एकच घर,
एका घराच्या धक्क्यावर कुणीतरी बादली रिती करत होतं.

स्टॉकहोम, सहा दहा.
शिडीवरून उतरून आउने बसथांब्याशी गेली,
पास सापडेना,
दोन्ही हात पिशवीत,
वही दातांत धरलेली.
बस आली.
माझी गाडी साडेसातला होती.